आंघोळ घातलेले चिकू

प्रिय आत्या,

"पत्र काय लिहितेस ग, उठून ये की!" असंच म्हणाली असतीस ना? आलेय बाई, आलेय. तुझ्या घोलवडच्या ओटीवरच बसलेय, तुझ्याच वेताच्या खुर्चीत. जेवणं झालीत. दादा आत पंखा फुल करून झोपलाय आणि वहिनी दोनदा विचारून गेली की एवढं काय लिहितेस. ऑफिसचं आहे म्हटलं. तसं ते खोटंही नाही.

पुण्याहून येताना एक खोका आणलाय. उद्या सकाळी तो घेऊन मी आपल्या पॅकिंगच्या शेडमध्ये जाणार आहे. जानकी असेल, तलासरीकडून टेम्पोने येणाऱ्या बाकीच्या बायका असतील. गेल्या वर्षी मार्गशीर्षात ज्यांच्या देखत मी तुझ्यावर ओरडले, त्याच सगळ्या. त्यांच्यासमोर उद्या मला काहीतरी बोलायचंय. पण तुझ्याआधी त्यांना कसं सांगू? म्हणून आधी तुला.

तू गेलीस त्याला आठ महिने झाले. आठ महिने एक वाक्य माझ्या घशात अडकून बसलंय. माझ्या! जिच्या तोंडाला तू फटाक्यांची माळ म्हणायचीस, तिच्या घशात!

जरा मुळापासून सांगते. तुला कुठलीही गोष्ट अर्ध्यातून ऐकायला आवडायची नाही.

आठवतं, मला पहिली नोकरी लागली तेव्हा तू विचारलंस, "म्हणजे तू नक्की करतेस काय?" मी ऐटीत म्हटलं, "प्रॉडक्ट डिझायनर आहे मी. वस्तू कशी असावी ते ठरवते." तू चिकू निवडता निवडता, वर न बघता म्हणालीस, "बरंय. आणि ज्याला ती वापरायचीय, तो काय ठरवतो मग?" मी लांबलचक उत्तर दिलं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "चहा ठेव."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की नवी वस्तू टेबलाशी बसून सुचत नाही. बाहेर जा, माणसं बघा. माणसाने जिथे सुतळी बांधलीय, चिंधी गुंडाळलीय, कागदाची घडी खाली सरकवलीय, तिथे त्या वस्तूत काहीतरी कमी आहे असं समजा. वर्गातली बाकीची मुलं त्यासाठी बाजारात, दवाखान्यात वणवण हिंडायची. मला काय गरज? मी सुट्टीत तुझ्याकडे यायचे! तुझ्या कुकरच्या दांड्याला सुतळी. वजनकाट्याच्या एका पायाखाली लाकडाची ढलपी. शेडच्या दाराला कडीऐवजी माझ्या जुन्या ओढणीची गाठ. आणि चिकू उतरवायची ती लांब काठी! टोकाला लोखंडी कडं, त्याला धाकट्या डहाणूहून मागून आणलेल्या मासेमारीच्या जुन्या जाळ्याची पिशवी, आणि फळाला ओरखडा पडू नये म्हणून कड्याभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी.

त्या पट्टीवर मी वीस पानं लिहिली. वर्गात पहिली आले. सर म्हणाले, काय नजर आहे तुझी! तुला फोन करून सांगितलं तर तू हसत सुटलीस. "अग, फुकट जात होती ती ट्यूब, टाकायची कुठे म्हणून गुंडाळली!"

नजर म्हणे. त्या नजरेचंच तर सांगायचंय.

यंत्राची कल्पना माझी होती, हे आधी कबूल करते. तयार चिकू आणि कोवळा चिकू झाडावरून उतरले की नवख्याला सारखेच दिसतात. ते निवडण्यात बायकांचा दिवस जातो. म्हटलं, पट्ट्यावरून फळं सरकतील, वरून कॅमेरा बघेल, कोवळं निघालं की बाजूच्या टोपलीत ढकललं जाईल. हल्ली यंत्राला नियम शिकवावे लागत नाहीत, आत्या. त्याला ढीगभर फोटो दाखवायचे, हा तयार, हा कोवळा, हा तयार, की ते आपलं आपण शिकतं. तुला मी एवढंच सांगितलं, "मला चिकूंचे फोटो काढायचेत. तयार वेगळे ठेव, कोवळे वेगळे ठेव. भरपूर लागतील."

आणि मी कॅमेरा घेऊन आले तर काय! ओटीभर पांढऱ्या चादरी आणि त्यावर चिकूंच्या रांगा. एकेक फळ धुतलेलं, फडक्याने पुसलेलं, चकचकीत. अंगावरची तपकिरी पूड नावालाही नाही. मी म्हटलं, "काय देखणे दिसतायत ग!" तू अशी काही खूश झालीस! "फोटो काढायचाय म्हटल्यावर पारोसे बसवू का त्यांना? सगळ्यांना आंघोळ घालून आणलंय!" जानकी हसली, तू हसलीस, मीही हसले. पहाटेपासून तुम्ही दोघी बादल्या भरून फळं धूत होतात, हे मला नंतर कळलं.

खरं तर मला तिथेच कळायला हवं होतं. फळ तयार व्हायला आलं की ती पूड सुटायला लागते, कोवळ्यावर घट्ट बसून असते. तू लांबून एका नजरेत ओळखायचीस ते त्या पुडीवरून. लहानपणी तूच मला शिकवलं होतंस! आणि मी त्या पुसलेल्या, पावडर लावून बसवल्यासारख्या चिकूंचे फोटो काढत राहिले. कारण ते फोटोत छान येत होते.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहू दे.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात शेडमध्ये यंत्र लावलं. ऑफिसमधली माणसं आली, नरपडचे दोन बागायतदार आले. पट्टा सुरू झाला. त्या दिवशीचे चिकू झाडावरून थेट आलेले, अंगभर पूड, कुणाला पान चिकटलेलं. यंत्राने असली फळं जन्मात पाहिली नव्हती! फट्, फट्, फट्, जो येईल तो नाकारलेल्या टोपलीत. चांगला, वाईट, सगळे. एक बागायतदार म्हणाला, "ताई, तुमच्या मशीनला चिकू आवडत नाही वाटतं." सगळे हसले. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, धुतलेले चिकू!

मी तुझ्याकडे वळले. "तुला कोणी सांगितलं होतं ती फळं पुसायला? एक साधं काम सांगितलं तर त्याचाही विचका केलास. वर्षाची मेहनत मातीत घातलीस माझी!"

शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. बायकांना फळं निवडायला शिकवणारी, हिशोब बघणारी, तीस वर्षं ती शेड चालवणारी तू, आणि तुझ्यापुढे कालची पोर तोंड चालवतेय. तू वजनकाट्यापाशी उभी होतीस. उजवा हात पदराखाली घेतलास आणि म्हणालीस, "चुकलं माझं."

आणि मग थोड्या वेळाने, जवळ येऊन, हळूच, "जेवून जाशील ना? ओले बोंबील आणलेत."

मी म्हटलं, वेळ नाही. आणि गाडीत बसून निघून गेले. बोंबलांना तू रवा लावून ठेवला होतास म्हणे. वहिनीने सांगितलं.

आत्या, तुझं काय चुकलं होतं? फोटो कशासाठी हवेत ते ऑफिसातल्या रोहितला मी दोन तास फळ्यावर चित्रं काढून समजावलं होतं. तुला मी एक वाक्य दिलं. दोन तास त्याला, एक वाक्य तुला! आणि चूक तुझी? आणि तू तरी काय ग! "तू सांगितलं होतंस का मला?" एवढं म्हणायला काय झालं होतं तुला? बाजारात दलालाची बोलती बंद करायचीस, आणि माझ्यापुढे मान खाली? याचा मला अजून राग येतो. तुझा येतो, खरंच.

त्यानंतर तुझे दोन फोन आले. पहिला, "मिनू, मोबाइलवर फळ अगदी जवळून कसं घेतात ग?" मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. दुसरा, "मोबाइल म्हणतोय जागा भरली. आता काय करू?" मी म्हटलं, "जुने फोटो काढून टाक." आणि फोन ठेवला. वाटलं, देवळाचे, लग्नाकार्याचे फोटो असतील. तू माझं ऐकलं नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं नाहीस आणि किती बरं केलंस!

वैशाखात दादाचा फोन आला. सकाळचा चहा पिऊन तू कप खाली ठेवलास आणि तशीच भिंतीला टेकलीस. मी पोचले तेव्हा सगळे माझीच वाट बघत थांबले होते. तेव्हाही ते वाक्य म्हणायचं होतं मला. इतकी माणसं होती, नाही म्हणता आलं.

तेराव्याला दादाने तुझा मोबाइल माझ्या हातात दिला. "यातलं सगळं पुसून दे, जानकीच्या सुनेला देऊ या." मी फोटो उघडले.

चिकू. चिकू. चिकू. शेकड्यांनी! शेडमधले, झाडाखालचे, टोपलीतले. पूड असलेले, न धुतलेले, पारोसे. काही हललेले, एकात नुसता जानकीचा पाय, एकात मांजराची शेपटी. पण प्रत्येक फळाला देठाजवळ नखाने काढलेला एक बारीक ओरखडा. संशय आला की तू तसंच बघायचीस ना, ओरखड्याखाली हिरवं दिसलं तर कोवळा, पिवळट दिसलं तर तयार. आणि प्रत्येक फोटोत, फळाला लागून, तुझा उजवा अंगठा. कुठे उभा, कुठे आडवा.

मला काही केल्या उलगडा होईना. जानकीला विचारलं. ती म्हणाली, "उभा म्हंजे तयार, आडवा म्हंजे कोवळा. बाय बोलल्या, मिनूच्या मशीनला वाचाया नाय येत, त्याला खूण कराया पायजे. रोज जेवल्यावर बसायच्या फोटो काढाया."

मार्गशीर्ष ते वैशाख! रोज! मी बोलायची बंद झाले होते आणि तू माझ्या यंत्राला शिकवत बसली होतीस.

ते सगळे फोटो मी यंत्राला दाखवले. निकाल पहिल्याच दिवशी असा लागला की रोहित खुर्चीतच उडाला. एकही चूक नाही! मग त्याने नुसता चिकू दाखवला, अंगठ्याशिवाय. यंत्र गप्प. रोहित डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसला. "अग, हे चिकू ओळखतच नाहीये. हे तुझ्या आत्याचा अंगठा ओळखतंय!" मीही हसले. तूही हसली असतीस. मग तो म्हणाला, सोपं आहे, सगळ्या फोटोंतून अंगठा कापून टाक.

म्हणून मी बसले कापायला. एकेक फोटो मोठा करायचा, अंगठ्याभोवती रेघ ओढायची, काढून टाकायचा. चार-पाच काढले असतील. आणि मग माझा हात थांबला, कारण तेव्हा मी तुझा अंगठा पहिल्यांदा बघितला, आत्या.

नख काळं. चिकूचा चीक वर्षानुवर्षं मुरून कोळशासारखं झालेलं. मधून उभं तडकलेलं. कडेची कातडी फाटून आत गुलाबी दिसत होती, आणि त्याच जागी पुढच्या फोटोत पुन्हा नवी चीर. रोज त्याच नखाने ओरखडत होतीस.

मी घरातले सगळे जुने फोटो काढून बघितले. दादाच्या लग्नात तुझा उजवा हात पदराखाली. माझ्या बारशात मला डाव्या हातावर घेतलंयस, उजवा माझ्या दुपट्यात. गणपतीत आरतीचं तबक धरलंयस त्यातही अंगठा आत दुमडलेला. लाज वाटायची ना तुला त्याची? जन्मभर एकाही फोटोत दिसू दिला नाहीस. आणि माझ्यासाठी शेकडो फोटोंत पुढे केलास.

आणि मी! सुतळी बघितली, ढलपी बघितली, ट्यूबवर वीस पानं लिहिली. शेडमधली प्रत्येक वस्तू बघितली आणि जिच्या हातात ती वस्तू असायची तिचा हात नाही बघितला. कसली डोंबलाची नजर!

दुसऱ्या आठवड्यात शेडमध्ये आले. जानकीला म्हटलं, अंगठा दाखव. ती लाजली, मग दाखवला. तसाच. शेजारणीचा तसाच. "तेलानं नाय जात चीक," ती म्हणाली. "दुखतं?" "दुखतं की. सांगायचं कुनाला?" इतकी वर्षं येतेय मी इथे, त्यांनी सांगायला मी विचारलं कधी?

यंत्र सध्या कपाटात आहे. रोहित चार दिवस फुगून बसला होता, मग आपणहून मदतीला आला. आम्ही अंगठ्यात घालायची एक टोपी केली, शिंप्याच्या अंगुस्तानासारखी. पुढे नखाच्या जागी छोटीशी धार, ओरखडायला. थ्रीडी प्रिंटर म्हणून एक यंत्र असतं, जिलबीसारखी बारीक धार सोडत थरावर थर चढवून वस्तू घडवतं. सकाळी चित्र काढलं की संध्याकाळी टोपी हातात! तुला ते बघायला काय मजा आली असती.

पहिली टोपी जानकीने तासाभरात काढून ठेवली. घामाने सटकते म्हणाली. दुसरी बोटाला घट्ट झाली. तिसरी घेऊन आले, आठवड्याने बघते तर टोपीच्या आत तिने काय घातलं होतं? सायकलच्या ट्यूबचा तुकडा! मी तिथेच फतकल मारून बसले आणि हसू का रडू कळेना. "बायच करायच्या तसं," ती म्हणाली, "मी नुसतं घातलं." आता टोपीला आतून रबराचं अस्तर आहे.

आणि एक छोटा दिवा आहे बाजूला, पांढरा. तो जानकीने मागितला. शेडवरच्या निळ्या ताडपत्रीखाली पिवळं पण हिरवं वाटतं म्हणे, मग दर वेळी फळ घेऊन उन्हात जावं लागतं. तूही जायचीस, नाही का? मला वाटायचं तू पाय मोकळे करायला जातेस. आता दाबलं की उजेड, खरा रंग तिथल्या तिथे.

परवा ऑफिसात टोप्यांच्या खोक्यावर छापायच्या फोटोची गोष्ट निघाली. त्यांनी एका मुलीचा हात निवडला होता, गोरा, नितळ, नखं रंगवलेली, आणि हातातला चिकू धुतलेला, चकचकीत! मी म्हटलं, अजिबात नाही. आंघोळ घातलेल्या फोटोने माझं एकदा पुरेसं वाटोळं केलंय. तुझा एक फोटो मी त्यांच्यापुढे ठेवला. पुडीने माखलेला चिकू, त्यावर पिवळट ओरखडा, शेजारी तुझा अंगठा, उभा. काळं नख, चीर, सगळ्यासकट. तोच छापलाय. रागावलीस? रागाव. पण आता तो पदराखाली जाणार नाही.

तर उद्याचं ठरलंय. वजनकाट्यापाशी, तू उभी होतीस बरोब्बर तिथे उभी राहून मी सगळ्यांना सांगणार आहे की त्या दिवशी आत्या "चुकलं माझं" म्हणाली ते खरं नव्हतं. चुकलं माझं होतं. मी तिला काही नीट सांगितलं नाही, आणि तिने मला शेवटपर्यंत शिकवलं. ज्यांच्या देखत ओरडले त्यांच्या देखतच म्हणणार. माझा आवाज फुटला तर जानकी सांभाळेल, तिला आजच सांगून ठेवलंय.

आणि अजून एक कबूल करते. यापुढे कुणाकडे काही बघायला गेले तर आधी त्याचे हात बघेन, वस्तू मग.

मघाशी पलीकडची कोळीण हाक मारून गेली. वहिनीने ओले बोंबील घेऊन ठेवलेत, रवा लावायचं मी करते म्हटलंय. उद्या दुपारी डबा शेडमध्ये नेणार आहे, सगळ्यांना पुरेल एवढा. यावेळी जेवल्याशिवाय निघणार नाही, आत्या.

तुझी,
मिनू